लिमये सरांच्या घोयऱ्याचं जेवण

पोलादपूरच्या शाळेत मी ड्रॉइंग शिकवायचो. आता आम्ही तिघं-चौघं निवृत्त मास्तर महाडला एकाच्या ओटीवर जमतो. बोलणं कुठूनही सुरू होवो, चहा येईपर्यंत ते घोयऱ्यावर येतंच! आणि दर वेळी कुणीतरी असा एखादा किस्सा काढतो, जो बाकीच्यांनी कधी ऐकलेलाच नसतो. वीतभर प्राणी, शाळेत राहिला जेमतेम दोन वर्षं, पण आमच्या हेडमास्तरांपेक्षा जास्त किस्से मागे ठेवून गेला.

घोयरा म्हणजे झाडावरचा हिरवा सरडा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. सायन्सच्या लिमये सरांना तो आंबेनळी घाटाच्या रस्त्यात सापडला. त्यांनी त्याला छत्रीच्या मुठीवर बसवून आणलं आणि लॅबमधल्या जाळीच्या कपाटात ठेवलं.

आमचा शिपाई धोंडू, उमरठचा. त्यानं कपाटात डोकावून विचारलं, "सर, याला जेवाया काय? भात देऊ?"

"अरे, त्याला पडलेलं अन्न चालत नाही. समोर काहीतरी हलायला लागतं."

धोंडूनं जरा विचार केला. "मंग मी भात हलवीत बसतो!"

*

भात काही चालला नाही. मग धोंडू शाळेमागच्या माळावर नाकतोडे धरायला जाऊ लागला. हेडमास्तर कडक शिस्तीचे. त्यांचा नियम असा, की शाळेबाहेर पाऊल टाकायचं तर रजिस्टरमध्ये कामाचं स्वरूप लिहायचं.

धोंडूनं लिहिलं, 'नाकतोडे धरणे.'

हेडमास्तरांनी लाल शाईनं विचारलं, 'काम शाळेचे की खाजगी?'

खाली धोंडूचं उत्तर, 'घोयऱ्याचे.'

*

उन्हाळ्यात माळ वाळला, नाकतोडे संपले. लिमये सरांनी रातकिडे पाळायचं ठरवलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, तळाला ओली वाळू, वर भोपळ्याची फोड, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं. महिन्याभरात त्या डब्यात अख्खी वस्ती झाली!

पण डब्यातल्या अंधारात रातकिड्यांना दिवस-रात्र कळेना. भर दुपारी किर्रर्र सुरू. लॅबच्या भिंतीपलीकडे नववीचा वर्ग. राउंडला निघालेले हेडमास्तर तिथे थबकले. "शीळ कोण घालतंय? उभा राहा!"

कुणीच उठेना. त्यांनी सगळा वर्ग उभा केला, तोंडावर बोट ठेवायला लावलं. तरी किर्रर्र चालूच! हेडमास्तर लालबुंद.

तेवढ्यात दारात लिमये सर. मान खाली घालून म्हणाले, "सर, माफ करा. तो माझा आहे."

हेडमास्तरांनी वर्गावर नजर फिरवली. "तुमचा मुलगा नववीत कधी आला?"

"मुलगा नाही सर, रातकिडा."

*

पुढे घोयऱ्याचे पाय वाकडे पडायला लागले. फांदी धरता येईना. लिमये सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी एका रविवारी त्याला टोपलीत घालून एसटीनं महाडला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. सोबत मी.

डॉक्टर मान वर न करता छापील फॉर्म भरत होते. "दूध किती देतो?"

"देत नाही," लिमये सर म्हणाले.

"कधीपासून?"

मग डॉक्टरांनी टोपलीत पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. पण माणूस गुणी. म्हणाले, "यातलं मला काही कळत नाही. कोंबड्यांची हाडं मऊ पडली की आम्ही शिंपले कुटून द्यायला सांगतो. बघा देऊन."

झालं! धोंडूनं सावित्री नदीच्या काठावरून शिंपले आणले. लिमये सरांनी ते घरच्या खलबत्त्यात कुटले. संध्याकाळी लिमये वहिनी खलबत्ता घेऊन स्वतः लॅबमध्ये आल्या, तो टेबलावर आदळला आणि म्हणाल्या, "हा आता इथेच राहू दे. वाटल्यास तुम्हीही राहा!"

कागदाच्या पुडीत शिंपल्याची भुकटी घालायची, त्यात रातकिडे सोडायचे, हलक्या हातानं हलवायचं. बाहेर येत ते पांढरेफटक. धोंडू म्हणायचा, "पावडर लावून निघाल्यात, जशी वऱ्हाडीच!"

पाय मात्र खरंच सुधारले.

*

वऱ्हाडावरून आठवलं. पावसाळ्यानंतर एका सुट्टीत मीही माळावर गेलो होतो. दोन्ही गुडघे गवतात, एका हातात नाकतोडा, दाताखाली बाटलीचं बूच. मागून आवाज आला, "मास्तर, काय हरावलं?"

वरंधचे एक शेतकरी, मला मुलीसाठी पाहायला आलेले! लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बूच काढून सगळं खरं सांगितलं. त्यांनी बाटली उचलून उन्हात धरून पाहिली. मला वाटलं, गेलं स्थळ.

मग म्हणाले, "आमच्या भाताच्या खाचरात लय हायत. या की."

गेलो. दोन्ही खिशांत रिकाम्या बाटल्या घेऊन गेलो. लग्न झालं, संसार झाला. पण बायको अजून चारचौघांत सांगते, "हे मला बघायला आलेच नव्हते!"

*

पुढच्या मे महिन्यात लिमये सरांना ट्रेनिंगसाठी महिनाभर पुण्याला जावं लागलं. धोंडू शेतीच्या कामाला गावी, वहिनी माहेरी, मी सासुरवाडीला. गावात उरले फक्त संस्कृतचे उपाध्ये गुरुजी. डास चावला तरी फुंकर मारून उडवणारे! लिमये सरांनी त्यांच्यापुढे हात जोडले.

गुरुजी म्हणाले, "मी त्याला घरात मोकळा सोडीन. माझ्या हातानं कुणाला कुणाच्या तोंडी देणार नाही."

लिमये सरांचं ट्रेनिंगमध्ये चित्त नव्हतं. रोज वाटायचं, आज मेला असेल. महिना संपला तसे एसटीतून उतरून, सामान स्टँडवरच टाकून ते धावत गुरुजींच्या घरी गेले. मीही सासुरवाडीहून परतलो होतो, नेमका तिथेच होतो.

घोयरा खिडकीच्या गजावर बसलेला. हिरवागार, गुबगुबीत, जाताना होता त्याच्या दीडपट! घरात मात्र डास-माशी औषधालाही नाही.

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी रातकिड्यांचा डबा उघडला. डबा काठोकाठ भरलेला. एकही कमी नाही, उलट पिल्लंच वाढलेली.

"गुरुजी," लिमये सर चाचरत म्हणाले, "मग महिनाभर यानं खाल्लं काय?"

गुरुजींनी उपरणं झटकून खांद्यावर घेतलं.

"मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही."