एका फाइलीत दोन बायका

“मॅडम, या कागदांप्रमाणे पीएचडी एका बाईची आहे आणि मुलगी दुसऱ्या बाईची.”

टेबलापलीकडे बसलेल्या प्राध्यापक बाई आधी हसल्या, मग त्यांनी फाइल स्वतःकडं ओढली. छावणीच्या बाजारात, बेकरीच्या वरच्या मजल्यावर माझं व्हिसा कन्सल्टन्सीचं ऑफिस होतं. मी निवृत्त झालो तसं तेही बंद झालं. पण ताज्या खारीचा वास आला की अजून ती दुपार आठवते.

बाईंचं संशोधन ज्वारीच्या मुळांवर. जर्मनीतल्या एका विद्यापीठानं त्यांना बोलावलं होतं. पदव्या, शोधनिबंध, ऑफर लेटर, सगळं मंगल या नावानं. पण लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं, ऋतुजा. पासपोर्ट लग्नानंतरचा, म्हणून ऋतुजाचा. मुलगी ओवी, तिच्या जन्मदाखल्यावरही आई ऋतुजाच.

संशोधकाच्या व्हिसावर नवरा आणि मूल डिपेंडंट म्हणून जातात. म्हणजे त्यांचा व्हिसा आईच्या व्हिसावर अवलंबून. इथं तर आई कोण, हेच ठरेना.

मी नवरा-बायकोला दोन रस्ते सांगितले. “गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, नाव बदलल्याची नोंद करायची. मंगलचं ऋतुजा केलंत तर आहे तोच पासपोर्ट चालेल. ऑफर लेटर तेवढं बदलून घ्या, तिघं बरोबर जाल. ऋतुजाचं परत मंगल करायचं असेल, तर मॅडमचा पासपोर्ट नवा, मुलीचा दाखला दुरुस्त, तिचाही पासपोर्ट नवा. तिथं रुजू व्हायची तारीख थांबणार नाही. मॅडमना एकट्यांनाच पुढं जावं लागेल. सर, तुम्ही आणि मुलगी मागून, कागद होतील तेव्हा.”

“पहिलंच करू, काका,” त्यांचा नवरा सतीश लगेच म्हणाला. “ओवी लहान आहे. आईशिवाय झोपत नाही.”

मलाही तेच सोयीचं होतं. मी अर्ज उघडला. “मग ऋतुजा लिहितो.”

बाईंनी हातानं मला थांबवलं. मग हळूच म्हणाल्या, “काका, माझं सगळं काम मंगलच्या नावावर आहे. गंगापूरहून बाबांचा फोन येतो, ते अजून मंगलच म्हणतात. तिकडं गेल्यावर मला सगळे ऋतुजा म्हणणार. मग मंगल कुठं गेली?”

“आणि ओवीला काय सांगायचं?” सतीश म्हणाला.

बाईंचे डोळे भरून आले. मला दोघांचंही पटत होतं, आणि माझ्या धंद्यात ही फार वाईट सवय.

कोपऱ्यातल्या बाकावर सतीशच्या आई बसल्या होत्या. फुलंब्रीहून डोळे दाखवायला आलेल्या, जाता जाता लेकासुनेबरोबर वर चढलेल्या. इतका वेळ त्या चहात खारी बुडवून खात होत्या.

“भाऊ, मंगलच लिवा.”

“आई, तुला यातलं काही कळतं का?”

“तू गप. ते ऋतुजा मीच ठिवलं व्हतं. लई हौस मला. हिला इचारलंच नाय. मला तरी कुणी इचारलं व्हतं? म्हायेरी मी राही व्हते. मांडवातून निघाले ती सुमन.” मग सुनेकडं वळून म्हणाल्या, “तू जा फुडं. ओवीला मी निजवते.”

सतीश आईकडं बघतच राहिला. आईचं नाव कधीकाळी राही होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

मंगलबाई एकट्या गेल्या. ओवी सुरुवातीला रडली, मग आजीच्या कुशीत झोपायला लागली. कागद रेंगाळले, मी कचेऱ्यांचे हेलपाटे घातले, आणि पावसाळा संपता संपता बापलेकीचा व्हिसा आला. पेढ्यांचा पुडा घेऊन सतीश स्वतः आला होता.

पुढच्या वर्षी त्याच्या आई धापा टाकत माझा जिना चढून आल्या. ओवीला भेटायला जायचं होतं. व्हिजिटर व्हिसा हवा, त्याआधी पासपोर्ट. मी मुद्दाम विचारलं, “मावशी, राही लिहू का? गॅझेटचं मी बघतो.”

त्या हसल्या. 

“नगं, भाऊ. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाय.”

मी सुमन टाइप केलं आणि पुढचं बटण दाबायला उगाच वेळ लावला.

आता कुणाच्या घरची लग्नपत्रिका आली की मी आधी फोन करतो. नाव बदलणार असाल, तर पोरीला विचारलंत का? लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत.