आबांच्या डोळ्यांचा हिरवा

रंगाच्या बाबतीत कधीही खोटं न बोलणारा एकच माणूस आता अख्ख्या वसई-विरारमध्ये उरला आहे, आणि आमच्या नशिबाने तो आमच्याच नात्यात आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. वयात बरंच अंतर असूनही आम्ही दोघं एकमेकांना 'साडूभाऊ'च म्हणतो. आठवडाभर ते कामणच्या एका गोदामात सुपरवायझर असतात. तिथे दिवसभर ट्यूबलाइटच्या उजेडात खोक्यांवर नजर ठेवून त्यांना उन्हाचं जे वेड लागलं, ते लागलंच. रविवार उजाडला की ते पाठीवर काळी बॅग टाकतात, बॅगेत ड्रोन असतो, आणि कुणाचं लग्न, कुणाची पूजा, कुणाच्या सोसायटीचा वर्धापनदिन असं जे असेल ते आकाशातून टिपून आणतात. एकदा बोलावलेलं गिऱ्हाईक मात्र त्यांना सहसा दुसऱ्यांदा बोलावत नाही. त्यात कलेचा काही दोष नाही, कला उत्तम आहे. माणूस अति खरा आहे, एवढंच.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एका जोडप्याचं लग्नाआधीचं चित्रीकरण होतं. मी आपला बॅग धरायला सोबत गेलो होतो. मुलीच्या वडिलांना समुद्र निळा हवा होता, परदेशातल्या कॅलेंडरवर असतो तसा. साडूभाऊ म्हणाले, "काका, हा समुद्र मातकट आहे. मला कळायला लागल्यापासून मातकटच आहे. ह्यात गाळ आहे म्हणून मासळी आहे, मासळी आहे म्हणून तुमच्या व्याह्यांच्या ताटात पापलेट आहे. मी ह्याला निळा नाही करणार." काका काकुळतीला आले. "अरे बाबा, एक बटण तर दाबायचंय!" "बटण आहे माझ्याकडे," साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "पण दाबणार नाही." काकांनी त्यांच्याकडे आणि मग, हे कोण आणखी, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. पण नंतर ती फिल्म मी बघितली तेव्हा खरं सांगतो, पुन्हा पहिल्यापासून लावली. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांवर सकाळचं ऊन पडलं होतं, होड्यांच्या मागे ते मातकट पाणी चहासारखं चमकत होतं, आणि इतकी वर्षं इथे राहून मी ते कधी पाहिलं नव्हतं. काकांना ती फिल्म शेवटपर्यंत आवडली नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक पुठ्ठा असतो, एका बाजूने करडा आणि दुसऱ्या बाजूने पांढरा. कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं, मग बाकीचे रंग तो आपोआप ताळ्यावर आणतो. ह्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात, हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की उद्या झोपेतून उठवलं तरी मी सांगेन. आमच्या एका भाचीचं लग्न मोकळ्या मैदानावर होतं. मंगलाष्टकं संपत आली आणि नेमका सूर्यावरचा ढग सरकला. ऊन बदललं म्हणजे पुन्हा पुठ्ठा दाखवणं आलं. साडूभाऊ मांडवातून वाट काढत धावले, आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरा-नवरीच्या मध्ये करडा पुठ्ठा धरलेला त्यांचा हात! मुलीने लाजून मान खाली घातली होती. तिने घातलेली माळ थेट त्या हातात गेली. गुरुजी ओरडले, "अहो, बाजूला व्हा, मुहूर्त टळतोय!" "गुरुजी, रंग टळतोय!" म्हणून हेही ओरडले. त्या दिवसापासून आमच्या नातलगांत लग्न ठरलं की पत्रिकेआधी एकच प्रश्न विचारला जातो, की साडूभाऊंना पाहुणे म्हणून बोलवायचं की कॅमेरा घेऊन.

मूळ चित्रीकरण ते मुद्दाम फिकं करतात. इतकं फिकं, की आमच्या बोळिंजच्या सोसायटीच्या गणपती मिरवणुकीचा कच्चा माल बघून सेक्रेटरीबाईंना वाटलं, सगळे आजारातून उठलेत. त्यावर साडूभाऊंचं उत्तर ठरलेलं असतं. "वहिनी, अळणी आमटीत मागून मीठ घालता येतं. खारट झाली तर काय करणार?" मग रोज संध्याकाळी घरच्या एका छोट्या खोलीत ते हळूहळू मीठ घालत बसतात. त्या खोलीच्या भिंती करड्या, पडदे करडे. माझ्या मेव्हणीला लाल गाऊन घालून तिथे चहा द्यायला जायची बंदी आहे, कारण लाल रंगाची झाक लॅपटॉपच्या पडद्यावर येते. ती बिचारी दारातून कप आत सरकवते. ड्रोनच्या कॅमेऱ्याला उन्हात काळी काच लावतात, त्याला ते गॉगल म्हणतात, आणि स्वतः मात्र गॉगल न लावता डोळे किलकिले करून दिवसभर वर बघत राहतात. साडीच्या दुकानात गेले की साडी हातात घेऊन रस्त्यावर उन्हात जातात, आणि मागून दुकानातले नोकर पळत येतात. जेवताना पंख्याकडे बोट दाखवून म्हणतात, "पाती मोजता आली, तर कॅमेऱ्याचं शटर चुकलं. फिरणारं पुसटच दिसलं पाहिजे." आम्ही वरणभात थांबवून पाती मोजतो.

अशा माणसाचा संसारात काय उपयोग, असं मला बरीच वर्षं वाटत असे. ते आबांच्या वेळेपर्यंत.

आबा म्हणजे आमचे सासरे. त्यांना दोन्ही मुलीच. अर्नाळ्याच्या अलीकडे त्यांची वाडी आहे. केळी, सुपारी, थोडी पानवेल आणि एक विहीर. सासूबाई गेल्या, दम्याने आबांना एकट्याने राहणं जमेना, तेव्हा आम्ही त्यांना बोळिंजला आमच्या घरी आणलं. वाडीवर जुना गडी होताच, तो सगळं नीट बघत होता. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण आबांना आडवं झोपलं की दम लागायचा, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं होतं. थोडं अंधुक दिसत असेल, असं धरून आम्ही चालत होतो.

एक दिवस मी मोबाइलवर वाडीचा फोटो दाखवला. आबा म्हणाले, "पिवळी पडली. पानी कोनी देत नाय." मी म्हटलं, आबा, गडी रोज पाणी देतो. त्यांनी मोबाइल उलटा करून बाजूला ठेवला. मग आमच्या हिने वाडीतलं ताजं केळीचं पान आणलं. त्यांनी ते हातात घेतलं, चेपून बघितलं. "गार लागतंय. मंजे पानी जास्त झालं. मूळ कुजलंय." कमी पाणी किंवा जास्त पाणी, ह्यातून आमची सुटका नव्हती. शेवटी रिक्षा करून त्यांना वाडीवरच नेलं. म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघतील तर विश्वास बसेल. आबा विहिरीच्या कठड्यावर बसले, सगळीकडे मान फिरवली आणि म्हणाले, "चला." परत येताना रिक्षात एवढंच बोलले, "इकायची होती तर सांगायचं. झाडांना मारायचं नाय."

त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. माझ्याशी तर बोलणंच बंद. आमची ही स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडायची. ज्या बापाने हातावर वाढवलं तो शेवटी आपल्याला वाडीचा खुनी समजून जाणार, हे तिला असह्य झालं होतं. वाडी तर तिकडे हिरवीगार उभी होती, आणि ते सिद्ध करायला आमच्याकडे वाडीशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

पुढच्या रविवारी साडूभाऊ आले. चहा पीत होते. आबांनी हिला हाक मारून म्हटलं, "ही चादर धुवत नाय काय गं? पिवळी झाली." चादर सकाळीच धुऊन आणलेली, पांढरीशुभ्र. साडूभाऊंनी कप खाली ठेवला. खिशातून पुठ्ठा काढला, पांढरी बाजू आबांसमोर धरली आणि विचारलं, "आबा, हा कुठला रंग?" आबा वैतागून म्हणाले, "हळदीचा कागद दाखवतो काय मला?" साडूभाऊ उठले, मला गॅलरीत ओढत घेऊन गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, वाडीला काही झालेलं नाही. आबांचा व्हाइट बॅलन्स गेलाय."

डॉक्टरांना फोन केला तर तेही म्हणाले, मोतीबिंदू पिकला की होतं असं, सगळं पिवळट दिसतं. आम्ही आबांना हे समजावून सांगितलं. आबा म्हणाले, "माझे डोळे मला शिकवू नका." संपलं.

मग साडूभाऊंनी जे केलं ते फक्त तेच करू जाणोत. परवानगी काढून, चांगलं ऊन बघून त्यांनी वाडीवरून ड्रोन फिरवला. आणि गोदामातून सुटले की रोज संध्याकाळी आमच्याकडे यायला लागले. आमच्या टीव्हीला लॅपटॉप जोडायचे, पडद्यावर हिरव्याचा एकेक तुकडा आणायचे आणि आबांना विचारायचे, "आबा, केळीचा कोवळा कोंब ह्यातला कुठला?" आबांना आधी वाटलं जावई डोक्यावर पडलाय. पण कोंबाच्या गोष्टीत गप्प राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "हा नाय. ही शेवाळ. हा भोपळ्याचा वेल. हा... नाय, हा थोडा जून हाय." असं करत एका संध्याकाळी ते एकदम पुढे वाकले. "हां. हा कोंब." मी पडद्याकडे बघितलं. मला तो मोरपंखी निळा दिसत होता. साडूभाऊंनी मान डोलावली आणि त्या रंगाचे आकडे टिपून घेतले. मग मातीसाठी तेच, सुपारीसाठी तेच.

फिल्म तयार झाली त्या दिवशी मेव्हणीही आली. टीव्ही लावला आणि आमची ही "अगं बाई!" म्हणाली. साडूभाऊंनी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. केळी निळी, माती जांभळी, आणि विहिरीशी उभा असलेला गडी तर गोकुळातून थेट आल्यासारखा. ज्या माणसाने अर्नाळ्याच्या समुद्राला निळ्याचा एक थेंब दिला नव्हता, त्याने अख्खी वाडी निळीत बुडवून काढली होती. मी आबांकडे बघत होतो. ड्रोन विहिरीवरून पानवेलीकडे गेला. आबांचे ओठ हलायला लागले.

"इहीर भरलेली हाय," ते म्हणाले. मग, "पानवेलीला नवा आधार कोनी दिला?"

"गड्याने, आबा."

"ब्येस केलं." ड्रोन खाली उतरत केळीच्या शेंड्याशी थांबला. त्या शेंड्यावर गुंडाळलेला एक कोंब होता. आबा त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून, बऱ्याच दिवसांनी, म्हणाले, "हिरवी हाय रे." आणि आमच्या हिला म्हणाले, "जेवायला वाढ गं. भूक लागली."

त्या रात्रीच्या पानात काय काय वाढलं होतं ते मला आठवत नाही, पण आबांनी भात दुसऱ्यांदा मागितला हे आठवतं, आणि आमची ही पदराने डोळे पुसत वाढत होती हे आठवतं. जाताना लिफ्टपाशी मी साडूभाऊंची फिरकी घेतली. म्हटलं, "काय, शेवटी दाबलंत ना बटण? खोटा रंग दिलात!" ते खरोखर चिडले. "खोटा? समुद्राच्या वेळी त्या काकांचे डोळे ठणठणीत होते, म्हणून नाही दिला. इथे आबांच्या डोळ्यांत जाऊन तो हिरवा झाला की नाही?" लिफ्ट आली, तरी ते दार धरून मला कॅमेरा आणि डोळा ह्यातला फरक समजावत उभे राहिले. मी ऐकून घेतलं. त्या माणसाचे आमच्या घरावर एवढे उपकार झाले होते, की लिफ्ट बंद पडेपर्यंत मी ऐकायला तयार होतो.

आबा त्यानंतर पुढचा पावसाळा बघून गेले. जाईपर्यंत रोज चहाबरोबर ती फिल्म बघायचे आणि गड्यासाठी माझ्याकडे निरोप द्यायचे, अमुक झाडाचं सुकलेलं पान काढ, तमुक ठिकाणी खत घाल. फिल्म तीच असायची, तरी निरोप बरोबर असायचे, असं गडी सांगायचा. ऑपरेशन राहूनच गेलं. शेवटच्या दिवसांत एकदा माझा हात धरून म्हणाले, "जावयांनी वाडी राखली." वाडी गड्याने राखली होती आणि आबांना साडूभाऊंनी राखलं होतं, मी आपला बॅग धरणारा.

मध्यंतरी मी चष्म्याचा नंबर तपासायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, तुम्हालाही मोतीबिंदू धरायला लागलाय. घाई नाही, पण करून टाका. घरी आलो, ही देवळात गेली होती. कसं कोण जाणे, आबांची फिल्म लावावीशी वाटली. नेहमीसारखीच निळी केळी, जांभळी माती. पण शेवटी ड्रोन खाली उतरला आणि त्या गुंडाळलेल्या कोंबावर थांबला, तेव्हा तो मला अगदी निळा दिसला नाही. किंचित हिरवा वाटला. मी पुन्हा पुन्हा तेवढाच भाग बघितला आणि साडूभाऊंना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, कितव्या मिनिटाला. मग म्हणाले, "रविवारी पुठ्ठा घेऊन येतो. आणि ऑपरेशनची तारीख घेऊन टाका साडूभाऊ, टाळू नका."

मी हो म्हटलं, आणि तारीख घेणारही आहे. पण थोडी उशिराची घेईन म्हणतो. आबांनी बघितली होती तशी वाडी एकदा मलाही बघायची आहे.