एक 'पैकी' जादा

जादा शब्दाचा जेवढा राग आमच्या शाळेतल्या मराठीच्या मास्तरांना येई, तेवढा उभ्या निजामी मुलखात कुणाला कशाचाच आला नसेल. चिटगुप्प्याच्या शाळेत ते मराठी शिकवत आणि मी गणित. मिडलच्या परीक्षेत 'चुका दुरुस्त करा' असा दहा गुणांचा प्रश्न असे. दुसरा कुणी तो वर्गात शिकवून मोकळा झाला असता. आमचे मास्तर तो गावभर शिकवत. त्यांच्या शेजारच्या बसवण्णाला सारा गाव मानानं 'बसवण्णा अण्णा' म्हणे. मास्तर नुसतं बसवण्णा म्हणत. "नावात एक अण्णा हायच की, दुसरा कामून?" बसवण्णा त्यांच्याशी वर्षभर बोलला नाही. बाजारात दूधवाला "गरम म्हशीचं दूध!" असं ओरडला, तेव्हा मास्तरांनी मागं बांधलेल्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि "म्हैस तर गार हाय" असं सांगून ते पुढं गेले. हरले ते एकदाच, दवंडीवाल्यापुढं. तो "सर्व तमाम लोकहो!" म्हणाला. मास्तरांनी त्याला थांबवून सांगितलं, "सर्व म्हण, न्हाईतर तमाम म्हण." तो म्हणाला, "मास्तर, सर्व मराठीवाल्यांला, तमाम उर्दूवाल्यांला. एक काढला की अर्धा गाव घरी बसतंय."

गुण देताना तर त्यांचा हात मारवाड्यालाही लाजवील असा. त्यांची एकुलती एक लेक गिरिजा आईवेगळी, बापाजवळच शिकलेली. पेपर बिनचूक लिहायची, तरी साडेनऊ. "अप्पा, एकदा तरी पैकीच्या पैकी द्या की!" असं ती म्हणाली की मास्तर चष्म्यावरून बघत. "त्यात एक पैकी जादा हाय." मी म्हणालो, मास्तर, द्या हो लेकराला, तुमच्या घरचं काय जातंय? तर त्यांनी 'तुमच्या घरचं' यावर मला एक धडा दिला.

गिरिजाचं लग्न गुलबर्ग्याकडच्या एका खेड्यात झालं. सहा महिन्यांनी तिचं कार्ड आलं, तेव्हा मी मास्तरांच्या ओट्यावरच होतो. मास्तरांनी सवयीनं तांबडी पेन्सिल काढली आणि मोठ्यानं वाचलं: "मी इथं सुखी व आनंदी आहे. पोटभर काम करून जेवते. परत पुन्हा काळजी करू नये." 'आनंदी' त्यांनी खोडला. 'पोटभर' भोवती गोल काढला. 'परत'वर पेन्सिल आली आणि थांबली.

"घाईत चुकली असंल," मी म्हणालो.

"गिरिजा चुकत न्हाई." मास्तरांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "तिनं पेपर काढलाय. मला सोडवायला धाडलाय. पोटभर कुठं लावलाय बघा. कामाला लावलाय, जेवणाला न्हाई."

दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं आम्ही निघालो. वाटेत मास्तरांनी एकाही पाटीवरची चूक काढली नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली. गिरिजा आडावर होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिचं कार्ड सासरच्यांनी वाचल्याशिवाय टपालात पडत नसे, हे तिनं नंतर सांगितलं. मास्तर म्हणाले, "लेकीला न्यायला आलोय."

सासू उसळली. "कामून? कागदात सुखी हाय म्हणून लिहिलं व्हतं की!"

"दोनदा लिहिलं व्हतं," मास्तर म्हणाले.

सासूला काही उमगलं नाही. गिरिजानं मात्र कळशी तिथंच ठेवली आणि ती आमच्याबरोबर परतीच्या मोटारीत येऊन बसली. त्यानंतर ती चिटगुप्प्यातच राहिली, मुलींना शिकवू लागली. गाव बोलायचं ते बोललं. मास्तरांनी त्यातल्या शब्दांच्या चुका तेवढ्या काढल्या.

मास्तर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची आठवण येते, फार येते. आणि हे दोनदा लिहिल्याबद्दल कान धरायला ते नाहीत, याचं वाईट वाटतं. त्यांच्या पेटीत गिरिजाला ते कार्ड सापडलं. तिनं ते माझ्या हातात दिलं. 'आनंदी' खोडलेला होता, 'पोटभर' गोलात होता, आणि खाली कोपऱ्यात, त्याच तांबड्या पेन्सिलीनं, मास्तरांच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं: 'पैकीच्या पैकी.'

एकही पैकी त्यांनी खोडला नव्हता.