सतरा-शून्य असताना

"आज भोपळा फुटणार, वहिनी!" असं म्हणत भावोजी रविवारी दुपारी आमच्या दारात उभे राहायचे. अंगात संघाची निळी जर्सी, ती दोन मापं मोठी, आणि तिच्याखाली कडक इस्त्रीची पँट. बूट काढून ते नीट भिंतीला लावायचे. सोफा रिकामा असला तरी खाली गालिच्यावर मांडी घालून बसायचे आणि सामना सुरू होताना टीव्हीला चक्क नमस्कार करायचे. माझा नवरा म्हणायचा, "अरे, फुटबॉल आहे, सत्यनारायण नाही." भावोजी हसायचे, पण नमस्कार पूर्ण करूनच हात खाली घ्यायचे.

भावोजी म्हणजे काही माझे नात्यातले नव्हेत. नोव्हाय गावातल्या त्या अपार्टमेंटमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे, माझ्या नवऱ्याच्या कंपनीतले नागपूरकर इंजिनियर. गाड्यांच्या सीट बनवणारी कंपनी होती ती. चाळिशी उलटल्यावर ते बायको मंजू आणि मुलगी रेवा यांना घेऊन अमेरिकेत आले. सोमवारी कॉफी मशीनपाशी सगळे गोरे सहकारी रविवारच्या सामन्याबद्दल बोलायचे आणि हे हातात कप घेऊन नुसतेच उभे. पहिलं वर्ष असं गेलं. मग त्यांनी फुटबॉलचा, म्हणजे तिथल्या चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा, अभ्यास केला, अगदी परीक्षेला बसल्यासारखा. मलाही शिकवला.

"चार चान्स, दहा यार्ड पुढं सरकायचं. एवढं समजलं की बाकी सगळं क्रिकेटच आहे, वहिनी."

ते मुळीच क्रिकेट नाही. पण सोमवारी लोक त्यांच्याशी बोलायला लागले आणि त्या दिवसापासून तो संघ त्यांचा झाला. आपल्याला कुणीतरी गप्पांत घेतलं की माणूस किती चटकन विकला जातो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

दोन हजार आठ सालची गोष्ट सांगते. हंगामाआधीचे सरावाचे सामने संघाने एकूण एक जिंकले. भावोजींनी ग्रँड रिव्हर रस्त्यावरच्या इंडियन दुकानातून पेढे आणून वाटले. मग खरा हंगाम सुरू झाला. पहिला सामना हरले, दुसरा हरले, तिसरा हरले. चौथ्या रविवारी सुट्टी होती. "आज तरी हरले नाहीत," मी म्हटलं. भावोजींना विनोद आवडला नाही.

कारण तोवर कंपनीत माणसं काढायला सुरुवात झाली होती. शुक्रवारी दुपारी बोलावणं यायचं आणि माणूस खोक्यात कप, फोटो, कॅलेंडर घालून बाहेर पडायचा. अमेरिकन माणसाची नोकरी गेली तर नोकरी जाते. आमची गेली तर व्हिसा जातो, म्हणजे घर, गाडी, शाळा सगळंच जातं. रेवाचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. जूनमध्ये ती शाळेतून ग्रॅज्युएट होणार, मग इथलंच कॉलेज. भावोजींना फक्त तो जून गाठायचा होता. ते ग्रीन कार्डाचंसुद्धा नाव काढत नसत तेव्हा.

रविवारी संघ हरतो आणि शुक्रवारी माणसं जातात, हे त्यांच्या डोक्यात कधी एकत्र बसलं कोण जाणे. पुढचा सामनाही हरल्यावर मंजू खाली आली ती कपाळाला हात लावून.

"काय सांगू तुला, यांनी देव पाण्यात घातलेत."

मला वाटलं, म्हणायची पद्धत. वर जाऊन बघते तर खरंच. स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि पाण्यात गणपती, लक्ष्मी, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, सगळे आडवे. संघ एक सामना जिंकेपर्यंत बाहेर काढायचे नाहीत.

"भावोजी, हे अमेरिकेतल्या फुटबॉलसाठी?"

"फुटबॉलसाठी काऊन? नोकरीसाठी. हे जिंकले तर समजायचं, गाव वाचते."

देव पाण्यात असताना पुढच्याच सामन्यात आपल्या खेळाडूने चेंडू घेऊन पळता पळता मागच्या रेषेबाहेर पाऊल टाकलं. त्याला कळलंसुद्धा नाही. त्याचे दोन गुण समोरच्यांना मिळाले आणि आपण बरोबर दोन गुणांनी हरलो. भावोजी गालिच्यावर बोटाने रेघ ओढत राहिले. "त्याला दिसलीच नाही ना रेष," असं चारचारदा म्हणाले. मला त्या दिवशी त्यांची पहिल्यांदा भीती वाटली.

दिवाळी आली. मंजू म्हणाली, "लक्ष्मीपूजन आहे आणि लक्ष्मी पातेल्यात!" शेवटी कॅलेंडरवरच्या लक्ष्मीला हळदकुंकू वाहिलं. त्यानंतरचे सामनेही गेले, काही थोडक्यात, काही सपाटून. घरच्या मैदानावरची तिकिटं आता खपत नव्हती. तिकिटं उरली की तो सामना गावातल्या टीव्हीवर दाखवायचा नाही असा नियम, म्हणून भावोजी त्या रविवारी खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून रेडिओ ऐकायचे. काचा बंद, त्यावर वाफ धरलेली, आत निळी जर्सी. येणारेजाणारे वळून बघायचे.

नोव्हेंबरात ह्यूस्टनहून त्यांच्या कॉलेजच्या मित्राचा फोन आला. त्याच्या कंपनीत जागा होती, व्हिसा ट्रान्सफर करून देणार होते, फक्त सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मंजूने लगेच बॅगा खाली काढल्या. रेवाने रडून घर डोक्यावर घेतलं. "आय ॲम नॉट गोइंग टू टेक्सस! सीनियर इयरला कोण शाळा बदलतं?"

रविवारी ते गाडीत जाऊन बसले. मी खिडकीतून बघत होते. थोड्या वेळाने दार उघडलं आणि हा गृहस्थ मोज्यांवर बर्फातून धावत आला.

"वहिनी, सतरा-शून्य! आपले सतरा! कसले खेळून राहिले बाप्पा!" त्यांचे डोळे भरले होते. "ह्यूस्टनला नाही सांगून टाकलं. आत्ताच फोन केला. आता कुठं जायची गरज नाही. रेवाची शाळा होते पूर्ण."

"भावोजी, अजून पहिला भागच चाललाय ना?"

त्यांनी ऐकलं नाही. ते वर गेले, पातेल्यातून देव काढले, मऊ पंच्याने एकेक पुसला, जागेवर मांडला आणि दिवा लावला. मंजूला वाटलं सामना संपला.

तो सामना कसा संपला ते तुम्ही ओळखलंच असेल. समोरच्यांनी एकामागून एक गुण केले आणि आपल्या हाती शेवटी पराभवच. भावोजी पुन्हा पातेलं घेऊन नळाशी उभे राहिले, तेव्हा मंजूने ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

"खबरदार! माझे देव काय खेळणी आहेत? आणि ह्यूस्टनचं काय कळवलंत?"

त्यांनी सांगितलं. मला खालच्या मजल्यावर मंजूचं रडणं ऐकू आलं. रडू नको म्हणून सांगायला तरी कुठल्या तोंडाने जाणार?

चारच दिवसांनी थँक्सगिव्हिंगचा सामना. त्यात तर संघाची अब्रूच गेली. पुढच्या शुक्रवारी भावोजींना बोलावणं आलं. वर्षअखेरपर्यंत पगार, मग नोकरी संपली. ह्यूस्टनला फोन केला, तर तिथली जागा भरली होती आणि पुढची भरती थांबली होती.

ह्यूस्टनला नकार देण्याचं कारण रेवाला कळलं ते त्याच संध्याकाळी. आमच्याच घरात ती बापासमोर उभी राहिली.

"मी नाही म्हटलं म्हणून तू नाही सांगितलंस? आय ॲम सेव्हन्टीन, बाबा! माझं दुसरं काही ऐकतोस का कधी? हेच का ऐकलंस?"

भावोजी खाली बघत म्हणाले, "सतरा-शून्य होतं ना, बेटा."

ती वर निघून गेली आणि मग कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मला भावोजींचा संताप आला होता, खरं सांगते. आणि तरी त्यांना एकट्याने घरात बसू देववेना, म्हणून रविवारी मीच बोलवायची. ते यायचे, पण जर्सी नसायची. नमस्कारही नसायचा. संघ हरत राहिला.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी शेवटचा सामना होता, परगावी. वरच्या घरातला टीव्ही आणि पलंग विकले गेले होते. बुधवारचं परतीचं विमान होतं. भावोजी येऊन बसले आणि त्यांच्या मागोमाग, कुणी न बोलावता, रेवा आली. बापाशेजारी गालिच्यावर बसली.

"बाबा, ते आता काय करतायत?"

भावोजी दचकले. मग हळूहळू सांगू लागले. चार चान्स, दहा यार्ड. सांगता सांगता त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. सामना मागे पडला होता, तो शेवटच्या भागात अचानक जवळ आला. तीनच गुणांचा फरक उरला. रेवा उठून उभी राहिली.

"गो! गो! बाबा, दे कॅन डू इट! बाबा, जिंकतील ना?"

ती ज्या आवाजात विचारत होती तो आवाज फुटबॉलचा नव्हता. तोच आवाज मी गेले तीन महिने तिच्या बापाच्या तोंडून ऐकत होते. मी भावोजींकडे पाहिलं. ते टीव्हीकडे बघतच नव्हते. ते पोरीकडे बघत होते, आणि आपण हिला काय देऊन बसलो हे त्यांना तेव्हा दिसलं असावं. त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवायचा प्रयत्न केला. ती बसली नाही.

समोरच्यांनी एक लांब चेंडू टाकला, त्यांचा गडी मोकळाच पळत सुटला. संपलं. सोळापैकी सोळा हरले. रेवा पडद्याकडे बघत तशीच उभी होती.

"इट्स ओके," ती घाईघाईने म्हणाली. "इतके जवळ आले होते, बाबा. नेक्स्ट संडे?"

"पुढचा रविवार नाही, बेटा," भावोजी म्हणाले. "सीझन संपला."