लेकीच्या पर्समधला कागद

माझ्या लेकीनं तिची धाकटी पोरगी माझ्याकडे आणून सोडली, तेव्हा एकच गोष्ट बजावली. "माय, हिचे लाड करू नोको. कडक राह्यजो." मी कडक राहिले. अडीच वर्षं राहिले.

लेक तुमसरला राहते, जावई राइस मिलमध्ये. आमचं गाव करडी गावाच्या बाजूला. घरी मी एकटी आणि शेतीच्या नावानं धानाच्या चार बांध्या. शहरातल्या शाळेत पोरीचं मन लागत नाही, गावची शाळा बरी, असं लेक म्हणाली. पोटची लेक बोलते म्हटल्यावर मी कशाला शंका घेऊ?

नात तेव्हा आठवीत. हुशार, पण वागणं वेगळं. भात वेगळा खायची, वरण वेगळं. दोन्ही एकमेकांना लागलं की ताट सरकवायची. पाहुण्यांसमोर जे मनात तेच तोंडात. शाळेतून आली की दप्तर टाकून थेट धानाच्या खोलीत, पोत्यांच्या मधे अंधारात पडून राहायची. बोलवलं तरी उत्तर नाही. मी म्हणायची, कामचोर. हाताला धरून बाहेर ओढायची आणि झाडू द्यायची.

एकदा सकाळी आरशासमोर दिसली. तोंडावर हात ठेवून हसत होती, थांबत होती, परत हसत होती. शेजारची पोरगी तशीच हसते. मला वाटलं, पोरीचं वय झालं, कोणासाठी तरी नखरे शिकते. आरसा काढून पेटीत ठेवला. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "आजी, मंग मी शाळेत कशी हसू?" मी त्याला उलट उत्तर समजले आणि एक थापड दिली.

आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, शेवटच्या दिवशी बाया एकमेकींना चिखल फासतात. महिनाभर वाकून पाठ मोडलेली असते, त्या दिवशी हसून घेतात. घरच्या पोरीसोरींनाही सोडत नाहीत. यंदा सकाळीच नात म्हणाली, "आजी, त्या चिखल लावतील तर मी येत नाही."

"चिखलानं कोणी मरत नाही. चाल."

रोपं लावायचं तिचं काम सरळ, पण हळू. बायांची ओळ मागं सरकत गेली आणि ती एकटी पुढं राहिली. बाया म्हणाल्या, "बाप्पा, मास्तरीन रेघा ओढून राहिली!" ती हसली, शेजारणीच्या पोरीसारखी, तोंडावर हात ठेवून. मला बरं वाटलं, की आता पोर माणसांत आली. संध्याकाळी बाया चिखल घेऊन तिच्याकडे निघाल्या तशी ती पळाली. मी तिला शेताच्या कडेला धुऱ्यावर पकडली. दोन्ही हात मागून धरले. बायांनी तोंडाला, मानेला, केसांना फासला. ती किंचाळली ते किंचाळणं मी बाळंतपणातही ऐकलं नव्हतं. माझ्या मनगटाला चावली. मग हौदावर जाऊन अंधार पडेपर्यंत अंग घासत बसली. त्यानंतर अकरा दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. गावात कोणी म्हणालं भूत लागलं, कोणी म्हणालं माजली.

मी लेकीला फोन केला. सगळं सांगितलं, चिखलाचंही. ती म्हणाली, "माय, ते नाटक हाये. तू ढिली पडू नोको."

दिवाळीआधी शाळेच्या मॅडमनं मला बोलावलं. दहावीचे फॉर्म भरायचे होते. मॅडमच्या बहिणीचा मुलगा असाच आहे, म्हणून त्यांना ओळखू आलं. म्हणाल्या, "आजी, हिची कधी तपासणी केली का? याला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. हा रोग नाही, वेड नाही. मेंदूची घडणच वेगळी असते. आवाज, स्पर्श, वास यांचा यांना फार त्रास होतो. मुलींचं तर लवकर ध्यानातही येत नाही. दुसऱ्या मुली कशा बोलतात, कशा हसतात, ते पाहून पाहून त्या नक्कल करतात. दिवसभर नक्कल करून दमतात, आणि घरी जाऊन पडतात."

मी चौथी शिकलेली आहे, पण एवढं मला समजलं. धानाची खोली समजली, आरसा समजला. मी विचारलं, "मंग आता?" मॅडम म्हणाल्या, वर्गात गोंगाट असला की हिला येत असलेलंही लिहिता येत नाही. अपंगत्वाचा दाखला असला तर परीक्षेत जास्त वेळ मिळतो. त्यासाठी डॉक्टरचा कागद लागेल. नाही तर पोरगी नापास होईल.

रविवारी लेकीला बोलावून घेतलं. मला वाटत होतं, मी तिला नवीन काही सांगते आहे. मॅडमचं सगळं बोलणं सांगून झालं तरी ती मान खाली घालून भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती.

"मले माहीत हाये, माय."

"काय माहीत हाये?"

"नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं होतं. तुह्याकडे आणायच्या आधी."

पर्समधून तिनं घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला. अडीच वर्षं तो तिच्याजवळ होता. मी फोन केला त्या दिवशीही होता.

"मंग मले कडक राहाले कायले सांगतलं?"

"माह्या सासरी समजलं असतं तर थोरलीले कोणी केली असती का? मले वाटलं, तुह्या धाकानं सुधरन. आता थोरलीचं मोहाडीत जमून राहिलं. साक्षगंध होऊ दे, मंग पाहू."

"तोवर फॉर्मची तारीख जाते."

"एक वर्ष गेलं तर काय होते? पोट्टीची जात."

लेकीला माझा धाक हवा होता, मी नाही. म्हाताऱ्या बाईला शेताच्या राखणीला बसवावं तसं तिनं मला बसवलं, आणि कोणाला हाकलायचं ते चुकीचं सांगितलं. पण नात चावेपर्यंत तिचे हात धरणारी मी होते, लेक नव्हती. तेही लिहून ठेवते.

धानाच्या खोलीचं दार उघडलं आणि नात बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. कागद उचलला, उभ्या उभ्या वाचला. इंग्रजी होता, तिला वाचता येतं. मग आईकडे न बघता म्हणाली, "यावर नाव माहं हाये. मंग हा तुह्या पर्समधे काहून होता?"

लेक माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाह्य, कशी बोलते."

"बरोबर बोलते," मी म्हटलं. "उत्तर दे तिले."

लेकीनं पर्स उचलली आणि दुपारच्या गाडीनं गेली. कागद नातीच्या हातात राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत निघालो. वाटेत तिनं विचारलं, "आजी, तुलेबी माहीत होतं?"

"नाही."

"माहीत असतं तर मले धरलं असतं?"

"नसतं धरलं."

"पण मी सकाळीच सांगतलं होतं ना. कागदानं सांगतलं तर खरं, मी सांगतलं तर खोटं?"

लेकीनं मला फसवलं हे मी आठवडाभर उगाळलं असतं, पण या पोरीला तर आम्ही दोघींनी मिळून फसवलं होतं, आणि माझ्याजवळ कागद नव्हता ही काही सबब नाही.

मॅडमनं कागद घेतला. भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही तीन खेपा घातल्या, तेव्हा दाखला मिळाला. फॉर्मसोबत तो लागला. गावाला समजलं, मोहाडीलाही समजलं. सोयरीक मोडली नाही. ज्यासाठी एवढं लपवलं ते कारणही खोटंच निघालं.

साक्षगंधाला लेकीचा फोन आला. "माय, तू ये. तिले आणू नोको, लोक पाहत राहतीन."

थोरलीही माझीच नात आहे. पण मी गेले नाही. लोक विचारतात, तब्येत बरी नव्हती का. मी सांगते, बरी होती.