टेबलावरचं कलिंग

गेल्या रविवारी वसंताने माझा हत्ती उचलला आणि स्वतःच्याच धनुर्धरांवर घातला.

"अरे, हा मगधाचा. तू कलिंग," मी म्हटलं.

त्याने हत्ती तळहातावर घेऊन पाहिला आणि हसला. चूक कळल्यावर माणूस हसतो तसा नाही. अनोळखी पाहुण्यासमोर हसतो तसा.

कित्येक वर्षं आम्ही दोघं त्याच्या जेवणाच्या टेबलावर कलिंगाचं युद्ध खेळतोय. हिरवं कापड, बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक, दोन फासे. पडलेला सैनिक डब्याच्या झाकणात आडवा ठेवायचा आणि डाव संपला की आवरण्याआधी सगळ्या मेलेल्यांना पुन्हा टेबलावर उभं करायचं, हा आमचा रिवाज. इतिहासात कलिंग हरलं ते हरलंच. इथे फासे चांगले पडले तर वाचतं. तेवढ्याशा आशेवरच आम्ही खेळत आलो असणार. पण वसंताला जडलेल्या या विसरण्याच्या आजारात फासेच नाहीत. रोज त्याच्यातलं काहीतरी पडतं, आणि पडलेलं मला उभं करता येत नाही.

मी मुद्दामच हरलो. मग झाकण पुढे ओढून आम्ही मेलेल्यांना उभं करू लागलो. एक धनुर्धर वसंताने खिडकीच्या उजेडात धरला. भिंग लावून, श्वास रोखून त्यानेच कधीकाळी काढलेल्या त्या इवल्या भुवया तो बराच वेळ बघत राहिला.

"काय सुरेख रंगवलंय रे," तो म्हणाला. "कुणी केलं हे?"