एकतिसाव्या खुंटीवरची किल्ली

खाणीच्या दिवाघरात सव्वीस वर्षं कोळशाचा, घामाचा आणि बॅटरीच्या आम्लाचा वास घेतलेल्या कुका साउसेदाला त्या दिवशी शिसारी आली ती अत्तराच्या वासाची. सकाळी नऊला खाणीत वायूचा भडका उडाला. दुपारी दोनला कंपनीचे बारागान साहेब मोंतेर्रेईहून गाडीनं आले, आणि येताना अत्तर लावून आले. माणसं जमिनीखाली गाडली गेली आहेत हे ऐकल्यावरही ज्याला आरशासमोर उभं राहायला सवड मिळते, त्याच्याबद्दल खरं तर एवढंच पुरे. पण पुढचा सगळा घाणेरडा कारभार त्याच्याच हातचा असल्यामुळे तो सांगणं भाग आहे.

कुकाचं काम सोपं होतं. पहाटेच्या पाळीला माणसं खिडकीशी यायची, प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला द्यायचा, कुका त्याला दिवा द्यायची आणि बिल्ला फळ्यावरच्या त्याच नंबरच्या खुंटीवर टांगायची. टांगताना नंबर ओरडायची. "चौदा!" म्हटलं की पलीकडच्या आळीत चुलीपाशी बसलेल्या चौदा नंबरच्या बायकोला कळायचं, आपला माणूस खाली गेला. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. बिल्ला खुंटीवर आहे तोवर माणूस खाली.

पण कंपनीच्या कागदावर नसलेली माणसंही खाली जात. दोन दिवस, चार दिवस, विमा नाही, बिल्ला नाही. काही ठेवल्याशिवाय कुका दिवा द्यायची नाही, मग ती माणसं अंगावर असेल ते ठेवत. कुणी टोपी, कुणी पट्टा, कुणी गळ्यातलं संताचं पदक. मुकादमाला हे ठाऊक होतं, इंजिनिअरला ठाऊक होतं, गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कागदाला.

त्या सकाळी फळ्यावर अकरा बिल्ले होते आणि एकतिसाव्या खुंटीवर लाल लोकर बांधलेली घराची किल्ली. ती चोन पिन्याची. त्याचा कामाचा तिसराच दिवस.

"जपा हं मावशी," किल्ली देताना तो म्हणाला होता. "दुसरी नाही. हरवली तर ओदिलिया मला खिडकीतून आत ढकलेल, नि मी आता खिडकीत मावत नाही."

"चल हट, पोट कमी कर," असं म्हणून कुकानं त्याला दिवा दिला होता.

बारागान साहेबांनी खिडकीतून कागद आत सरकवला. "सेन्योरा, लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे. घरच्यांपुढे हे तुम्हीच वाचा. रेडिओवाले आहेत, शब्द सांभाळून."

कागदाच्या एका बाजूला अकरा नावं होती. दुसऱ्या बाजूला सूचना. 'अपघात' म्हणू नये, 'घटना' म्हणावं. 'अडकले' म्हणू नये, 'तूर्त संपर्काबाहेर' म्हणावं. रडणाऱ्या व्यक्तीच्या खांद्यावर हात ठेवावा, मात्र फार वेळ ठेवू नये. कुकानं ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. कुणीतरी गार खोलीत बसून, कॉफी पीत हे टाइप केलं असणार.

"बारा आहेत," ती म्हणाली.

"अकरा."

"फळा बघा."

साहेबांनी बघितलं. "ती तर कुणाच्या तरी घराची किल्ली आहे."

"कुणाच्या तरी नाही. चोन पिन्याच्या."

"या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. जो आमच्याकडे नाही तो खाली कसा असेल?" साहेब समजुतीनं हसले. "त्याच्या बायकोला मी सांगितलंय. म्हटलं, बाई, तुमचे यजमान आज कामावर आलेच नाहीत. नदीपलीकडे, अमेरिकेत गेले असतील. पुष्कळ जातात. काय हो मुकादम?"

साहेबांमागे उभा असलेला लुपेर्सियो मुकादम स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. त्यानंच चोनला हाताला धरून खिडकीशी आणलं होतं.

"म्हणजे अकरा सापडले की शोध बंद?" कुकानं विचारलं.

"ती किल्ली काढून ठेवा," साहेब म्हणाले. "उगाच गोंधळ नको."

कुकाला बारागानची किळस होतीच, पण त्याहून मोठी किळस स्वतःची होती. कारण हेच वाक्य तिनं पूर्वी ऐकलं होतं आणि मुकाट्यानं मानलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी याच खाणीत छत कोसळलं. साहेब वेगळा होता, खुंटीवर पट्टा होता, ओतिलियो रेनाचा. कुकाला नवरा नव्हता, खिडकीवरची नोकरी हवी होती. तिनं पट्टा काढला. ओतिलियो नदीपलीकडे पळाला, असं गावानं ठरवलं, तेव्हा तिनंही मान डोलावली. मग तो बोगदा विटा लावून बंद केला.

ओतिलियोची बायको सेनाईदा तेव्हापासून खाणीच्या फाटकाशी तोर्तिया, मक्याच्या रोट्या, विकते. कुका तिच्याकडून रोज सहा घ्यायची. "खा बाई, गरम आहेत," सेनाईदा म्हणायची. "माझा तो हलकट तिकडे कुणा गोरीच्या हातचं खात असेल. सडो मेला." आणि कुका ते ऐकत तोर्तिया गिळायची. पट्टा खालच्या खणात, चिंध्यांखाली होता. फेकून द्यायचं धाडस तिला झालं नाही, आणि परत करायचंही नाही.

कुकानं खुंटीवरची किल्ली काढली. "शहाण्या आहात," साहेब म्हणाले.

फाटकाजवळ दोर बांधला होता. दोराच्या आत घरचे, बाहेर गाव आणि रेडिओवाले. चोनची बायको ओदिलिया बाहेर उभी होती, शाळेत झाडलोट करतानाचा एप्रन तसाच अंगावर. यादीत नाव नाही म्हणून तिला आत सोडलं नव्हतं.

कुका खोक्यावर चढली. समोर माइक धरला गेला. तिनं वाचायला सुरुवात केली, "कंपनीला कळवण्यास खेद होतो की आज सकाळी एक घटना..." आणि थांबली. कडू काही तोंडात यावं तशी ती सगळ्यांदेखत बाजूला थुंकली.

"घटना म्हणे! वायू पेटलाय, बायांनो. माणसं खाली आहेत. जिवंत आहेत का मेलीत, मला माहीत नाही, आणि या अत्तरवाल्यालाही माहीत नाही."

मग तिनं कागद चुरगाळला आणि पहाटे ओरडायची तशी ओरडली. "तीन! चुय मोन्काडा! सात! तेरेसोचा मेलितोन!" एकेका नंबरला दोराच्या आत एकेक बाई खाली बसत होती. अकरा झाले. साहेब पुढे सरसावले.

"एकतीस!" कुकानं किल्ली वर धरली. "चोन पिन्या!"

ओदिलियानं ती लाल लोकर ओळखली. "मला म्हणाले, तो पळाला," ती एवढंच म्हणाली.

"कुठे पळतोय! खाली आहे, पोरी. मीच दिवा दिलाय त्याला. दोराच्या आत ये."

शोधपथकाचा म्हातारा दामासो खाली उतरायच्या तयारीत होता. "नक्की बारा ना, कुका?"

"बारा."

"मग बारा होईपर्यंत मी वर येत नाही. ऐकलंत का हो साहेब?" रेडिओवाल्यांनी तेही ऐकलं.

बारागान साहेब कुकाच्या कानाशी आले. "उद्यापासून येऊ नका."

"दूर व्हा आधी," कुका म्हणाली. "वास येतोय."

ती शाल घ्यायला दिवाघरात परतली. खिडकीशी सेनाईदा उभी होती, हातात तोर्तियांची टोपली.

"कुका," तिनं विचारलं, "माझ्या ओतिलियोनं त्या दिवशी खुंटीवर काय ठेवलं होतं?"

कुका गुडघ्यांवर बसली. खण ओढला, चिंध्या बाजूला केल्या. पट्टा वाळून लाकूड झाला होता. तिनं तो खिडकीतून पुढे केला. 'माफ कर' म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण त्या शब्दाचीही तिला लाज वाटली.

सेनाईदानं शेवटच्या भोकावर बोट ठेवलं. "हे मी पाडलं होतं. खिळ्यानं. आजारपणात कंबर बारीक झाली होती त्याची." तिनं कुकाकडे बघितलं. "एकोणीस वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. तुझ्यासमोर. नि तू खात होतीस."

तिनं टोपली तिथंच जमिनीवर ठेवली. पट्टा स्वतःच्या कमरेला गुंडाळला, त्याच भोकात आवळला आणि फाटकाकडे चालू लागली. दोरापाशी शिपायानं अडवलं. "मावशी, आत फक्त घरचे. तुम्ही कुणाच्या?"

"ओतिलियो रेनाची," सेनाईदा म्हणाली. "तेरा लिही."